सिस्टाईनचें छत आणि खालचा प्रवासी

रोम येथील व्हॅटिकनच्या सिस्टाईन प्रार्थनामंदिरांत आम्हीं पाऊल टाकलें तेव्हां जें चित्र पाहण्याकरितां आम्ही एवढ्या दूर आलों होतों तेंच आम्हांस सांपडेना. हें लिहितांना थोडी लाज वाटते. पण टीकाकारानें आरंभींच खरें सांगून टाकलें म्हणजे पुढचें काम सोपें होतें. गेलीं पंचवीस वर्षें मिल्टनचें महाकाव्य वर्गांत शिकवितांना सृष्ट्युत्पत्तीचा भाग आला कीं आम्ही एका जाडजूड ग्रंथांतील रंगीत पान विद्यार्थ्यांपुढें उघडून धरीत असूं. डावीकडे टेकडीच्या उतारावर रेललेला आदम, उजवीकडून वाऱ्यासारखा झेपावत येणारा वृद्ध परमेश्वर, आणि दोघांच्या बोटांमध्यें राहिलेली ती केंसाएवढी फट. या फटींत सगळें छत सामावलें आहे, हेंच त्याचें केंद्र, असें आम्ही मोठ्या आत्मविश्वासानें सांगत असूं आणि विद्यार्थी तें वहींत उतरून घेत. आतां प्रत्यक्ष त्या छताखालीं उभे राहून वर पाहतों तों देहांवर देह, चौकटींत चौकटी, सिंहासनांवर बसलेले प्रचंड स्त्रीपुरुष. आणि त्या सगळ्या दाटींत आमच्या आदमाचा पत्ता नाहीं! शेवटीं आमच्या पत्नीनेंच बोट दाखविलें. "अहो, तो काय तुमचा आदम! उलटा दिसतोय." आदम खरोखरच उलटा होता.

तो उलटा कां होता याचा उलगडा पुढें करूं. प्रथम त्या जागेची कल्पना वाचकांस दिली पाहिजे. दालन सुमारें ४० मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. छताची कमान फरसबंदीपासून २० मीटर उंच. वर्षाकांठीं ५० लाखांहून अधिक माणसें व्हॅटिकनच्या संग्रहालयांत येतात आणि त्यांतील बहुतेकांचें खरें गंतव्य स्थान हेंच असतें. दालनांमागून दालनें, भिंतीवर नकाशे रंगविलेली लांबच लांब वाट, राफाएलनें रंगविलेल्या खोल्या, मग अरुंद जिने, असें करीत करीत पाय दुखूं लागल्यावर माणूस येथें पोहोंचतो. आंत शेंकडों माणसें खांद्याला खांदा लावून उभीं असतात. कुजबुज हळूहळू चढत जाते, पहारेकरी "सिलेन्झिओ!" म्हणून ओरडतो, अर्धें मिनिट शांतता पसरते, पुन्हां कुजबुज सुरू होते. छायाचित्रें घेण्यास मनाई आहे, आणि ती मोडणाऱ्यांचीही वाण नाहीं. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक लोक मान चोळीत बाहेर पडतात.

आमचे एक चित्ररसिक स्नेही म्हणतात कीं, याला पाहणें म्हणतच नाहींत. घरीं आरामखुर्चींत बसावें, चांगला चित्रसंग्रह मांडीवर घ्यावा, प्रत्येक नख, प्रत्येक शीर न्याहाळावी. तेथें गर्दींत धक्के खाऊन काय मिळणार? हें मत विद्वानांतही बरेंच रूढ आहे, आणि रोमला जाण्यापूर्वीं तें थोडेंफार आमचेंही होतें. आज तें आम्हांस साफ चुकीचें वाटतें. पंढरपूरच्या बारींत रात्रभर उभा राहून वारकरी विठ्ठलाच्या पायांवर क्षणभर डोकें टेकवितो. वेळ थोडा मिळाला म्हणून त्यास दर्शनच झालें नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. मात्र कोठून आंत जावयाचें आणि कोठें उभें राहावयाचें हें वारकऱ्यास पक्कें ठाऊक असतें. सिस्टाईनमधील प्रवाशास तें कोणी सांगत नाहीं. आमची खरी तक्रार वेळेविषयीं नाहीं, जागेविषयीं आहे.

तो मुद्दा असा. या मंदिराचें मूळचें महाद्वार वेदीच्या अगदीं समोरच्या भिंतींत आहे. पोपची निवडणूक करण्यासाठीं कार्डिनल येतात ते त्याच दारानें. १८७८ पासूनची प्रत्येक निवडणूक या दालनांत झाली. २०२५ च्या मे महिन्यांतील निवडणूकही येथेंच झाली. संग्रहालयाची वाट मात्र प्रवाशास वेदीकडील टोंकाच्या एका लहान दारानें आंत आणून सोडते. छताच्या मध्यभागीं बायबलांतील उत्पत्तीच्या कथेचीं नऊ चित्रें एका ओळींत आहेत, आणि तीं काढलीं आहेत वेदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसासाठीं. प्रवासी आंत येतो, वेदीकडे पाठ करून पुढें सरकतो आणि वर पाहतो. त्यास कथा क्रमानें मिळते, पण प्रत्येक पात्र डोक्यावर उभें! महाद्वारानें येणाऱ्यास याच्या नेमकें विरुद्ध घडतें. चित्रें सुलट दिसतात. कथा मात्र उलटी. त्याच्या डोक्यावर प्रथम येतो मद्यानें धुंद होऊन पडलेला नोहा. मग जलप्रलय, नोहाचा यज्ञ, आदम व ईव्ह यांचें पाप आणि हकालपट्टी. पुढें ईव्हचा जन्म, आदमाचा जन्म. आणि मग माणूस संपतो. शेवटच्या तीन चित्रांत जलस्थल, सूर्यचंद्र आणि अखेर प्रकाश व अंधार यांना वेगळें करणारा परमेश्वर आहे. नदीच्या गढूळ मुखापासून निघून उगमाकडे चालत जावें तसा हा प्रवास आहे.

या छताचा इतिहास अनेकांनीं सांगितला आहे. आम्ही तो लांबवीत नाहीं. चौथ्या सिक्स्टस पोपनें हें मंदिर बांधविलें, त्याचेंच नांव त्यास मिळालें. पूर्वी छतावर निळें आकाश आणि सोनेरी तारे होते. १५०८ सालीं दुसऱ्या ज्यूलिअस पोपनें तेथें बारा प्रेषितांचीं चित्रें काढण्याचें काम मायकेल अँजेलोवर सोंपविलें. तो त्या वेळीं तेहतीस वर्षांचा होता, स्वतःस मूर्तिकार म्हणवीत होता, आणि ओल्या गिलाव्यावरील चित्रणाचा त्याचा अनुभव थोडाच होता. बारा प्रेषितांची योजना त्यास दरिद्री वाटली. ती बदलली, आणि १५१२ च्या ऑक्टोबरअखेर तीनशेंहून अधिक आकृतींचें हें विश्व पुरें झालें. तो पाठीवर निजून रंगवीत असे ही समजूत १९६५ च्या एका गाजलेल्या चित्रपटानें घरोघरीं पोहोंचविली. पण ती खरी नव्हे. एका विनोदी कवितेच्या कडेला त्यानें स्वतःचेंच रेखाचित्र काढून ठेवलें आहे: उभा देह, मागें टाकलेली मान, वर ताणलेला हात. काम संपल्यावर कित्येक महिने त्यास पत्र वाचावयाचें तर तें डोक्यावर धरावें लागे, असें त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. खालच्या प्रवाशानें आपल्या मानेच्या दुखण्याचें फार कौतुक करूं नये तें यासाठीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. मायकेल अँजेलोनें काम आरंभिलें तें महाद्वाराच्या बाजूनें. तेथील जलप्रलयाचें चित्र आमच्या ग्रंथांत दोन पानांवर पसरलें आहे आणि त्या पानांवर तें अप्रतिम दिसतें. पाणी चढत आहे. कोणी बायकोस पाठीवर घेऊन टेकडी चढतो, कोणी घरांतील भांडीं डोक्यावर सांवरतो, एका आईला पोर बिलगलें आहे, दूर एक होडी माणसांच्या भारानें कलंडते आहे. कारुण्याची एवढी विविध रूपें एका चौकटींत क्वचितच आलीं असतील. पण मंदिराच्या फरसबंदीवरून? आम्हीं डोळे बारीक केले, जागा बदलली, चष्मा पुसला. वारुळाला धक्का लागावा आणि मुंग्या सैरावैरा पळाव्या, यापलीकडे कांहीं दिसेना. थोरांच्या कृतींतील दोष झांकण्याची चाल आपल्याकडे आहे. पण हें चित्र खालून पाहणारापर्यंत पोहोंचत नाहीं, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे.

आणि तें प्रथम ओळखलें तें त्याच्या कर्त्यानेंच. ईव्हच्या जन्मापर्यंतचा अर्धा भाग झाल्यावर पहाड उतरविण्यांत आला आणि १५११ च्या ऑगस्टमध्यें तेवढें छत लोकांस खुलें झालें. तोंवर चित्रकारानें आपलें काम हातभर अंतरावरून पाहिलें होतें. ओला गिलावा रोज त्या दिवसापुरताच लावावयाचा, तो सुकण्यापूर्वीं रंगवून टाकावयाचा, आणि सुकल्यावर मनासारखा फेरबदल करण्यास वाव नाहीं, अशी ही पद्धति. तींत दूर जाऊन पाहण्याची सोय नसते. आतां तो खालीं उतरला आणि आज आपण जेथें उभे राहतों तेथें उभा राहिला. त्याच्या मनांत काय आलें हें त्यानें लिहून ठेवलेलें नाहीं. पण त्यानंतर पहाड पुन्हां चढल्यावर त्यानें काय केलें हें छतावर लिहिलेलें आहे, आणि वाचतां येणाऱ्यास तें मराठी अक्षरांइतकें स्वच्छ दिसतें.

नव्या अर्ध्या भागांतील पहिलें चित्र म्हणजे आमचा तो आदम. ओळींतील नऊ चौकटी लहान-मोठ्या अशा आळीपाळीनें आहेत; जलप्रलयाची आणि आदमाची या दोन्ही मोठ्या, एकाच मापाच्या. एकींत माणसांची जत्रा. दुसरींत एक उघडा देह, एक परमेश्वर, त्याच्या फुगलेल्या वस्त्रांत दाटलेले कांहीं देवदूत, आणि बाकी सगळें रिकामें आकाश. पुढें तर एकटा परमेश्वरच चौकट भरून टाकूं लागतो. बाजूंच्या सिंहासनांवरील प्रेषित आणि भविष्यवादिनीही वेदीकडे जातां जातां वाढत जातात. त्यांचे गुडघे, पाय चौकटींबाहेर येऊं पाहतात. (पोपच्या खासगी प्रार्थनामंदिरांत सात हिब्रू प्रेषितांच्या मांडीला मांडी लावून पांच परधर्मी भविष्यवादिनी बसाव्या, हें औदार्य आपल्याकडील कित्येक धर्ममार्तंडांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे.)

मग ती बोटांमधील फट काय आहे? तींत माणूस व ईश्वर यांच्यांतील अंतर आहे, चैतन्य संक्रमित होण्याच्या आधींचा क्षण आहे, हें सर्व आम्ही शिकवीत आलों आणि तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याच्याही आधीं तिच्यांत २० मीटर खालीं उभ्या असलेल्या माणसाचा विचार आहे. त्या दोन हातांमागें डोंगर, झाड किंवा एखाद्या देवदूताचा पंख असता तर ते हात खालून कधींच दिसले नसते. त्यांच्या भोंवतीं फिकट आकाशाची मोकळी जागा ठेविली म्हणून ते दिसतात. ही फट ज्यानें कल्पिली तो नुकताच खालीं उभा राहून आला होता! आरामखुर्चीवाल्या आमच्या स्नेह्यांस हीच गोष्ट कळणें शक्य नाहीं. कारण छायाचित्रकाराचें यंत्र त्यांना जेथें नेऊन ठेवतें ती जागा चित्रकारानें सोडून दिलेली आहे. आणखी एक गंमत. सोळाव्या शतकांतच छतास तडे जाऊन कांहीं ठिकाणचा गिलावा निखळला आणि दोमेनिको कार्नेव्हाली या चित्रकारानें त्याची दुरुस्ती केली. आदमाच्या तर्जनीचा कांहीं भाग त्याच्या हातचा आहे. पेल्यांवर, छत्र्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर जगभर छापलें जाणारें तें बोट सर्वस्वीं मायकेल अँजेलोचें नव्हे. खालून पाहणाराचें यांत कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें बोट मोठें करून छापणाराचें.

आणि आदम हा छताचा केंद्रबिंदु, हें आमचें विधान? तें तर साधी मोजणीही न करतां केलेलें होतें. नऊ चित्रांतील पांचवें, बरोबर मधलें, ईव्हच्या जन्माचें आहे. तेथें परमेश्वर उडत नाहीं. जाड झगा पांघरून, एखाद्या थकलेल्या खेडुतासारखा जमिनीवर उभा आहे, आणि निजलेल्या आदमाच्या कुशींतून ईव्ह वांकून, हात जोडून वर येत आहे. लहान चौकटींत कोंडलेलें हें चित्र विद्यार्थ्यांना दाखविण्याचें आमच्या कधीं मनांतच आलें नाहीं.

खालूनच पाहावी अशी दुसरी आकृति म्हणजे वेदीवरील योना. तो ज्या पृष्ठावर काढला आहे तें कमानीच्या वळणानें पाहणाराकडे पुढें झुकलेलें आहे. पण योना मागें रेललेला दिसतो. भिंत पुढें येते आणि माणूस मागें जातो! पुस्तकाच्या सपाट पानावर या करामतीचा मागमूसही उरत नाहीं. याउलट चौकटींच्या कोंपऱ्यांवर बसविलेले वीस नग्न तरुण पुस्तकांत जेवढे मोहक वाटतात तेवढे येथें वाटत नाहींत. आमच्या मतें त्यांची संख्या डोळ्यास जड होते. विशेषतः वेदीकडील तरुण तर इतके वळसे घेतात कीं मुख्य कथेवरून दृष्टि घसरून त्यांच्यावर जाते. हें मत कलापंडितांस रुचणार नाहीं. असो.

आमच्या पत्नीची मान लवकर दुखूं लागल्यामुळें ती भिंतीलगतच्या दगडी बांकावर बसली होती. तेथून सहज दिसतात त्या खिडक्यांवरील अर्धवर्तुळें. आम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलें नव्हतें, आणि भोंवतालचेही कोणी पाहत नव्हते. तेथें ख्रिस्ताचे पूर्वज आहेत; पण पूर्वज म्हणजे राजे-महाराजे अशा थाटांत नव्हे. एक बाई केंस विंचरते आहे, एक आरशांत पाहते आहे, एक म्हातारा आपल्याच काठीच्या कोरलेल्या मुठीशीं भांडतो आहे. वरच्या त्रिकोणांत एक आई कात्रीनें कापड कापते आहे. बाकीचीं पोरांबाळांसह जमिनीवर फतकल मारून, पेंगत, कशाची तरी वाट पाहत बसलीं आहेत. "हीं तर आपल्या स्टेशनावरचीं माणसें," असें ती म्हणाली. आणि या अर्धवर्तुळांविषयीं यापेक्षां नेमकें वाक्य आम्हांस अद्याप कोणत्याही टीकाग्रंथांत आढळलेलें नाहीं. गाडी येणार आहे हें त्यांना ठाऊक आहे. केव्हां येणार हें ठाऊक नाहीं. मूळचीं सोळा अर्धवर्तुळें आतां चौदा उरलीं आहेत. दोन खुद्द मायकेल अँजेलोनेंच पुढें वेदीमागच्या भिंतीवर ‘अखेरचा निवाडा’ रंगवितांना पुसून टाकलीं.

रंगांविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण त्यांवरून मोठें रण माजलें होतें. १९८० ते १९८९ या काळांत छत धुऊन काढण्यांत आलें. खर्च जपानच्या एका दूरचित्रवाणी कंपनीनें सोसला आणि मोबदल्यांत चित्रणाचे हक्क घेतले. मेणबत्त्यांची काजळी आणि पूर्वीच्या दुरुस्तीवाल्यांनीं रंग उजळावे म्हणून फांसलेली सरस यांचा थर निघाला, आणि त्याखालून गुलाबी, नारिंगी, पोपटी असे रंग वर आले कीं अनेक जाणकारांस धक्काच बसला. सुकलेल्या गिलाव्यावर मागाहून दिलेल्या बारीक छटाही काजळीबरोबर गेल्या, असा त्यांचा आरोप होता. तो सगळाच निराधार असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि आमचा जुना ग्रंथ साफसफाईपूर्वींचा असल्यामुळें त्यांतील तपकिरी गांभीर्यावर आमचाही लोभ होता. मूर्तिकाराची उदास रंगदृष्टि म्हणून आम्हीं त्यावर वर्गांत बरेंच पांडित्य केलें आहे. ती उदासीनता मेणबत्त्यांची होती! फरसबंदीवरून पाहतां या भडक म्हटलेल्या रंगांचें प्रयोजन कळतें. वस्त्राच्या घडींत सांवली दाखवावयाची तर तो काळा रंग वापरीत नाहीं, दुसराच रंग घालतो; आपल्याकडील धूपछांव लुगड्यांत दोन रंग उलटसुलट चमकतात तसे. अशा घड्या २० मीटरांवरूनही स्वच्छ उलगडतात. तपकिरी रंगांत त्या एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. प्रेमानें दिलेल्या लेपांनीं चित्रांचें काय होतें हें आपण अजिंठ्यास पाहिलेलें आहे. तेथील भित्तिचित्रें वांचविण्यासाठीं निझाम सरकारनें १९२० च्या सुमारास तज्ज्ञ बोलाविले ते इटलीहूनच, आणि त्यांनीं दिलेला लाखेचा थरही पुढें काळवंडला. अजिंठ्यास निदान आपण योग्य दारानें आंत जातों.

ही सर्व जुळवाजुळव आमच्या मनांत होईपर्यंत गर्दीच्या ओघांत आम्ही महाद्वाराच्या टोंकाशीं येऊन ठेपलों होतों. बाहेर पडण्याऐवजीं आम्ही मागें वळलों आणि लोकांची क्षमा मागत, त्यांच्या उलट दिशेनें, वेदीकडे हळूहळू चालूं लागलों. नोहा सुलट झाला. जलप्रलय मुंग्यांचा मुंग्यांचाच राहिला. पण आतां तो त्रास देईना, कारण पुढें काय आहे हें दिसत होतें. एका चौकटींत सर्पाच्या झाडाच्या दोन बाजूंस पाप आणि शिक्षा. मग हात जोडलेली ईव्ह. मग एकदम मोकळें आकाश आणि ते दोन हात, ज्या मापाचे असावयास हवेत त्या मापाचे. प्रत्येक पावलागणिक माणसें कमी होत होतीं आणि देह मोठे होत होते. कुणाचा धक्का लागला; पहारेकरी पुन्हां ओरडला; आमच्या शेजारीं एक वृद्धा पिशवींतला लहान आरसा हातावर आडवा धरून त्यांत छत पाहत होती.

अगदीं शेवटचें चित्र वेदीजवळचें; आंत येतांना आम्ही त्याच्याखालून गेलों होतों आणि पाहिलें नव्हतें. प्रकाश आणि अंधार यांना परमेश्वर वेगळें करतो आहे. तें एका दिवसाच्या गिलाव्यांत पुरें केलेलें आहे. चेहरा जवळजवळ दिसतच नाहीं. दिसतो तो ताणलेला गळा, हनुवटीची खालची बाजू आणि डोक्यावर नेलेले दोन्ही हात. चार वर्षें पहाडावर जो माणूस मान मागें टाकून, हात वर करून उभा होता त्याचीच ही ठेवण. आम्हीं भोंवतीं पाहिलें. दालनांतील शेंकडों माणसें नेमकीं त्याच ठेवणींत उभीं होतीं, आणि त्यांचेही चेहरे न दिसतां गळेच तेवढे दिसत होते.

आमची मान सरळ होण्यास दोन दिवस लागले. सुटी संपून वर्ग सुरू झाले तेव्हां तो जुना ग्रंथ आम्हीं पुन्हां बाहेर काढला. मात्र या खेपेस विद्यार्थ्यांना जवळ न बोलावतां मागच्या भिंतीपाशीं उभें केलें आणि पान टेबलावर टेकवून धरलें. आदम आणि परमेश्वर हे दोघे वेगळे आहेत आणि त्यांच्यामध्यें मोकळी जागा आहे, एवढें तेथून सर्वांस दिसलें. मग जलप्रलयाचें पान उघडलें. बराच वेळ कोणी कांहीं बोलेना; शेवटीं एका मुलीनें विचारलें, "सर, हें काय आहे?"